क्लाऊडआधी वीज आणि जोडणी

माननीय संपादक,
छोट्या व्यापाऱ्यांनी हिशेब क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या दूरच्या संगणकांवर, न्यावेत, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. सूचना योग्य आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या दुकानातील एकाच संगणकावर त्या ठेवणे धोक्याचेच आहे. मात्र व्यापारी अज्ञानापोटी मागे राहतात, हे लेखातील गृहीतक मला मान्य नाही. गोव्यातील सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात भर पावसात माडाचे चुडत तारांवर पडते, वीज जाते, राउटर बंद होतो आणि चतुर्थीच्या बाजाराला आलेले गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळत राहते. अशा वेळी दुकानदार पुन्हा वहीच उघडतो, यात त्याचा दोष तो काय? शिवाय क्लाऊड सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला त्याची वजावट मिळत नाही. सरकारने प्रशिक्षण शिबिरे जरूर घ्यावीत, पण त्याआधी तालुक्यांच्या बाजारपेठांतील वीजवाहिन्या भूमिगत करून तेथे खात्रीची इंटरनेट जोडणी द्यावी.

— एक व्यापारी वाचक, वाळपई