वासाने पेटी उघडली, त्याची गोष्ट : बाईंना पत्र

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

परदेशातल्या व्यापाऱ्याला लिहिलेले माझे इंग्रजी पत्र परवा एकदाचे गेले आणि त्याच रात्री तुम्हाला लिहायला बसलो. कारण तीन वर्षांत मला जे कोणी समजावून सांगितले नाही, ते तुम्ही तुमच्या पडवीत एका संध्याकाळी सांगितलेत.

तुमच्याआधी हे पत्र दोन ठिकाणी फिरून आले होते. तालुक्याच्या गावी क्लास चालवणाऱ्या सरांनी फी घेऊन सगळे पान तांबड्या शाईने रंगवले आणि वाक्यरचना सदोष आहे एवढाच शेरा मारून परत दिले, दोष कुठे आहे हे विचारले, तर म्हणाले, "वाचन वाढवा." ओळखीच्या एका गृहस्थांनी तर ते इतके भारदस्त करून दिले की त्यात माझी बाग कुठे आहे हे मलाच सापडेना.

तुम्ही पेन्सिल हातात घेतलीत, दोन ओळी वाचल्यात आणि ती चष्म्याच्या घराशेजारी खाली ठेवलीत. "तुका काय सांगूचा आसा, ता आदी आपल्या भाषेत सांग," म्हणालात. मी आजोबांनी लावलेल्या कलमांपासून, 2018 साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनापासून ते आंबे पिकवायच्या गवताच्या अढीपर्यंत आणि त्यासाठी कार्बाइड कधीही न वापरण्यापर्यंत सगळे सांगत सुटलो, आणि माझे बोलणे संपेपर्यंत तुम्ही पेन्सिलीला हात लावला नाहीत. बाई, इंग्रजी येत नाही म्हणजे याला सांगण्यासारखे काही नाहीच, असे धरून चालणारेच मला आजवर भेटले होते. त्या खाली ठेवलेल्या पेन्सिलीने माझा तीन वर्षांचा संकोच गेला.

मग चुका निघाल्या, आणि त्या भरपूर निघाल्या. माझे पहिलेच वाक्य सहा ओळींचे होते. दोन पूर्ण वाक्ये इंग्रजीत नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत, तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नाहीतर स्वल्पविरामासोबत 'अँड', 'बट' असे अव्यय तरी हवे, हे तुम्ही दाखवलेत. मी ओशाळलो, तेव्हा म्हणालात की आपल्या जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा तोडलेले नसत आणि विरामचिन्हे मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी. तेव्हा न थांबता लिहिण्याची सवय एकट्या माझी नव्हे. 'ऑल्दो'च्या मागोमाग मी 'बट' आणून बसवला होता, कारण आपल्या 'जरी'ला 'तरी'शिवाय करमत नाही. इंग्रजीला त्या दोघांपैकी एकच पुरतो.

'ओपनिंग द बॉक्स, द स्मेल फिल्स द हाउस' या वाक्याला मात्र तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. 'पेटी उघडताना वास घरभर पसरतो' यात मराठीला काही खटकत नाही, कारण उघडणारा कोण हे ती ऐकणाऱ्यावर सोडते. इंग्रजीत स्वल्पविरामापुढे जो कर्ता येतो त्यानेच ते काम केले असे ठरते, म्हणजे माझ्या पत्रात वासानेच पेटीचे खिळे उपटले होते. 'व्हेन यू ओपन द बॉक्स' असे लिहून मी पेटी व्यापाऱ्याच्या हातात दिली. ते हसणे मला लागले नाही, कारण तुमच्याबरोबर मीही हसत होतो.

म्हातारीला सातबाऱ्याचा उतारा न चिडता दोनदा वाचून दाखवणारा, एसटीत अनोळखी माणसाची पिशवी मांडीवर घेणारा, अशी माणसे आपल्याकडे अजून आहेत म्हणून दिवस सरळ जातात. त्यांना कोणी पत्र लिहीत नाही, म्हणून हे एवढे लांबले.

फी तुम्ही घेतली नाहीत. तेव्हा यंदाची पहिली पेटी तुमच्याकडे येईल. पेटीत घालायचा इंग्रजी कागद सोबत पाठवत आहे. त्यातले तिसरे वाक्य मला अजून लांब वाटते, तेवढे सवडीने बघावे.

आपला कृतज्ञ,
शेजारच्या वाडीतला बागायतदार