स्टेटस ठेवा, हयातीच्या दाखल्याचंही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ पासून देश हा दिवस पाळतो. त्या दिवशी गावातल्या बहुतेक मोबाईलवर तिरंगा आणि सलाम करणारा जवान दिसेल. दिसावाच. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. रेंज मिळाली की गावच्या पोरांचे स्टेटस तो एकेक करून पाहतो आणि कोणी काय लिहिलं ते मला फोनवर सांगतो. घरापासून इतक्या लांब बसलेल्या माणसाला आपलं गाव आपल्याला विसरलेलं नाही हे कळणं ही मोठी गोष्ट आहे. त्यामुळे 'नुसत्या स्टेटसनं काय होतं?' असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

माझं सांगणं वेगळं आहे. ज्या ग्रुपवर आपण जवानांचा जयजयकार करतो, त्याच ग्रुपवर नोकरी संपवून गावात परतलेल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कामाची माहितीही फिरली पाहिजे. आज ती फिरत नाही. मी मेहकर तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते, त्यामुळे हे रोज पाहते.

नोव्हेंबरात शेतात कापूस वेचणी चाललेली असते आणि माझ्याकडे हयातीच्या दाखल्यांची गर्दी. पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत आहोत असा हा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. यंदा महिना सरता सरता ऐंशीच्या घरातले एक माजी सैनिक आले. १९७१ च्या लढाईत होते. निवृत्त झाले नाईक म्हणून, पण गावात लहानथोर सगळे त्यांना मेजरच म्हणतात. प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, आधार कार्ड, सगळं घडी घालून नीट ठेवलेलं. अंगठा मशीनवर ठेवला, लागला नाही. ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ठेवला, तरी नाही. एकेक करत दहाही बोटं झाली. जन्मभर बंदूक आणि त्यानंतर वखर-डवरं धरलेल्या हाताच्या रेषा मशीनला कुठून सापडणार? त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मशीन मले ओळखत नाही, म्हंजे सरकारच्या लेखी मी मेलो का वं ताई?"

मोबाईलच्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे. त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवलं, पापण्या मिटून उघडायला सांगितल्या आणि थोड्याच वेळात दाखला निघाला. पण त्याआधी या वयात ते एस.टी.नं तालुक्याला हेलपाटे घालून आले होते. त्यांचा नातू गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. गुणी पोरगा आहे, २६ जुलैला कारगिल विजय दिनाची पोस्ट त्यानं फार मन लावून केली होती. चेहऱ्यावरून दाखला निघतो, हे मात्र त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

सैन्याच्या पेन्शनचा कारभार गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी पेन्शनचं सगळं बँक बघायची. वर्षातून एकदा पासबुक घेऊन जायचं, साहेबासमोर सही करायची, झालं. आता 'स्पर्श' ही ऑनलाइन पद्धत आहे आणि पेन्शन प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून सरळ खात्यात येते. चांगली सोय आहे. पण दाखला वेळेत पोचला नाही तर पेन्शन थांबते, आणि त्याचा निरोप येतो एसएमएसवर, तोही बहुतेक इंग्रजीत. ज्यांच्या घरातली पोरं पुण्या-मुंबईला आहेत त्या म्हाताऱ्यांनी तो कोणाकडून वाचून घ्यायचा? पतीमागे पेन्शन घेणाऱ्या बायांचे हाल तर याहून जास्त. आधारवर एक नाव, पेन्शनच्या कागदावर दुसरं, बँकेत तिसरं. त्या दुरुस्तीपायी महिने जातात. दाखला पोचला की थांबलेली पेन्शन थकबाकीसह मिळते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. ती गेलीच असं समजून गप्प बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

असंच घरपट्टीचं. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याची योजना राज्य सरकारनं २०२० मध्ये आणली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा असतो. तरी आजही कितीतरी माजी सैनिक पावती फाडून घरपट्टी भरतात. ज्यांना पेन्शनच नाही अशा ६५ वर्षांवरच्या गरजू माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा ४,००० रुपये मिळत होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना ते ८,००० झाले. माजी सैनिकांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. यातली एकेक गोष्ट म्हणजे ग्रुपवरचा चार ओळींचा मेसेज. तो मराठीत लिहावा आणि खाली मदत करणाऱ्याचा नंबर द्यावा.

आता दुसरी बाजू. ही लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर २०२५ चा मे महिना आहे. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० तारखेला गोळीबार थांबेपर्यंत आमच्या घरात कोणाला धड झोप नव्हती. भावाचा फोन लागत नव्हता. त्या दिवसांत गावच्या ग्रुपवर रात्रंदिवस व्हिडिओ येत होते. अमुक शहर पाडलं, तमुक चौकी उडवली. त्यातले काही तर चक्क मोबाईल-कॉम्प्युटरच्या खेळातले होते. केंद्र सरकारच्या माहिती खात्याच्या, म्हणजे पीआयबीच्या, फॅक्ट चेकनं तेव्हा असे कितीतरी व्हिडिओ खोटे ठरवले. टाकणाऱ्याच्या मनात जवानांबद्दल प्रेमच होतं, हे मला माहीत आहे. पण माझी आई प्रत्येक व्हिडिओत आपला पोरगा शोधत होती. ज्या घरचा जवान सीमेवर आहे ते घरही त्याच ग्रुपवर असतं, एवढं ध्यानात ठेवून पुढे पाठवा, ही सगळ्यांना हात जोडून विनंती.

सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, असं केंद्र सरकारनं २६ एप्रिललाच वाहिन्यांना बजावलं होतं. तो नियम आपणही आपल्याला लावून घ्यावा. २०२० मध्ये सैन्यानं आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप मोबाईलमधून काढायला लावली, ती उगीच नव्हे. जवान स्वतः काही टाकत नाही, पण सुटी संपवून निघालेल्या भावाचा वर्दीतला फोटो, पलटणीचं नाव, गाडीचा नंबर आणि कुठे चाललाय ते घरचेच कौतुकानं टाकतात. फोटो टाकायचाच असेल तर साध्या कपड्यातला टाका आणि ठिकाण लिहू नका. आणि कुठे काही वाईट घडलंच, तर अधिकृत निरोप त्याच्या घरी पोचण्याआधी नाव ग्रुपवर टाकू नका. वीरमातेच्या रडण्याचा व्हिडिओ तर कधीच नको.

पैशाचंही बोलायला हवं. त्याच एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर एक मेसेज फिरला की सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी रोज एक रुपया या खात्यात भरा. संरक्षण मंत्रालयानं तो दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर केलं. द्यायचंच असेल तर रस्ते उघडे आहेत. ध्वजदिन निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घेऊन देता येतो. लढाईत शहीद किंवा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी संरक्षण मंत्रालयाचा वेगळा निधी आहे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतल्या शहिदांच्या कुटुंबांसाठी २०१७ पासून 'भारत के वीर' आहे.

ही दलं सैन्याहून वेगळी आहेत हे आमच्या बुलढाणा जिल्ह्याला तरी नीट कळायला पाहिजे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यात मलकापूरचा एक आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचा एक. गावासाठी जवान तो जवान, मानपानात फरक करूच नये. पण सीआरपीएफचं खातं गृह मंत्रालयाकडे. सैन्याच्या माजी सैनिकांना मिळणारी ई.सी.एच.एस.ची दवाखान्याची सोय त्यांना नाही, आणि २००४ पासून भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही लागू नाही. चुकीचा फॉर्म पुढे पाठवला की एखादी वीरपत्नी भलत्याच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत बसते.

पहाटे आमच्या डांबरी रोडवर भरतीची पोरं पळताना दिसतात. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. त्यातले पाऊण परत येतील, पेन्शनशिवाय. हल्ली निवृत्त जवानाची गावात उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, बाया दारोदार ओवाळतात, रील गावोगाव पोचते. मला ती प्रथा मनापासून आवडते. या पोरांचीही तशीच मिरवणूक निघावी. आणि कुठे जागा निघाली, कोणत्या भरतीत त्यांना आरक्षण आहे, हे त्यांना ग्रुपवर कळत राहावं.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती आहे. ७ डिसेंबरच्या अंकात विदर्भातल्या सगळ्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांचे पत्ते आणि फोन नंबर एका चौकटीत, ठळक अक्षरात छापावेत. त्या चौकटीचा फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकायचं काम आम्ही सेवा केंद्रवाले करू.

आपली,
एक वाचक
ता. मेहकर, जि. बुलढाणा