स्पीकरमधून रेडिओ ऐकू येतो? फॉइल गुंडाळू नका

मा. संपादक,
स. न.

मागे तुमच्या पेपरात वाचकांच्या टिप्समध्ये एकाने लिहिलं होतं की कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून रेडिओ ऐकू येत असेल तर स्पीकरला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, काम होतं. नाही होत हो. मी स्वतः गुंडाळून बघितलंय, स्पीकर डब्यासारखा दिसायला लागला आणि बातम्या आधी येत होत्या तशाच येत राहिल्या. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कापलंत तरी चालेल पण फेराइट रिंगचं, म्हणजे वायरीतली रेडिओची लहर अडवणाऱ्या कड्याचं, तेवढं ठेवा.

माझ्याकडे साधे दोन स्पीकर आहेत, एकात अ‍ॅम्प्लिफायर आणि दुसरा नुसता वायरने त्याला जोडलेला, बहुतेकांकडे असतात तसेच. रात्री कॉम्प्युटर शटडाऊन केला की शांततेत बारीक आवाजात कोणीतरी बोलायला लागायचं. आई म्हणाली, अरे बंद करून पण हा बोलतोय कसा? कॉम्प्युटर बंद होता पण स्पीकर चालूच होते ना. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे स्पीकरची जागा बदलून बघा. बदलली, टेबलाच्या या टोकाचे त्या टोकाला ठेवले, तर आवाज उलट जरा मोठाच झाला. खरं सांगायचं तर त्याच गोष्टीवरून माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण जागा बदलताना गुंडाळलेली वायर मी ताणून मोकळी केली होती.

म्हणजे अँटेना कोण, तर वायर. पण नुसत्या अँटेनाने आवाज निघत नाही. शाळेत तो बॅटरीशिवाय चालणारा क्रिस्टल रेडिओ केला असेल कोणी तर आठवेल, त्यात एक डायोड असतो, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बाकी फारसं काही नसतंच. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हच्या एएम स्टेशनच्या लहरींची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होत असते आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपच्या आत जे जंक्शन असतात ते जोरात सिग्नल आला की त्या डायोडसारखेच वागतात, लहर कापली जाते आणि आवाज मोकळा होतो, पुढे तोच अ‍ॅम्प्लिफायर त्याला मोठा करून आपल्याला ऐकवतो. एफएमच्या लहरीची उंची सारखीच राहते म्हणून एफएमची गाणी अशी सहसा ऐकू येत नाहीत. जवळपास कोणी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौस म्हणून घरून रेडिओवर बोलणारा, असेल तर नाक दाबून बोलल्यासारखं काहीतरी येतं, एक शब्द कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. काहीही विकत आणायच्या आधी व्हॉल्यूमचं बटण शून्यावर आणा आणि ऐका. रेडिओचा आवाज पण सोबत कमी झाला तर तो कॉम्प्युटरकडून येणाऱ्या वायरीतून घुसतोय. अजिबात कमी झाला नाही तर तो व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी घुसतोय. माझा तसाच होता, बटण शून्यावर आणि निवेदिका मजेत बोलतेय. मग कॉम्प्युटरला लावलेली आवाजाची पिन उपटली, तरी बोलतेय. मग दुसऱ्या स्पीकरची वायर काढली आणि एकदम गप्प! मला आधी वाटायचं स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीतून काही उलटं आत कसं येईल, पण येतं, कारण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटचा थोडा भाग फीडबॅक म्हणून परत इनपुटकडे नेलेला असतो, रेडिओची लहर त्याच वाटेने आत शिरते.

उपाय फेराइट रिंग. चार्जरच्या किंवा मॉनिटरच्या वायरीवर जो जाड गोळा असतो त्याच्या आत तेच असतं. मी पहिल्यांदा क्लिपवाला गोळा वायरीच्या मधोमध लावला आणि काहीच फरक पडला नाही, तर वाटलं हे पण फॉइलसारखंच थोतांड. चूक माझीच होती. ते गोळे बहुतेक वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेले असतात आणि मीडियम वेव्ह 530 ते 1700 किलोहर्ट्झच्या आसपास, तिथे वायर नुसती एकदा आरपार जाऊन भागत नाही. मोठ्या भोकाची रिंग घ्यायची आणि वायर तिच्यातून पुन्हापुन्हा ओवायची, भोकातून एकदा गेली की एक वेढा. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो, वर्गाच्या हिशेबाने. 5 वेढ्यांवर आवाज अर्ध्यावर आला असं वाटलं, 12 वेढे घातले तेव्हा कान लावून पण काही ऐकू येईना. आणि रिंग अ‍ॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ हवी, मधोमध लावली तर पुढची उरलेली वायर परत अँटेना होतेच.

इनपुटच्या वायरीतून येत असेल तर पण रिंगच, शिवाय चांगली शिल्डवाली (आत धातूच्या जाळीचं आवरण असलेली) आणि लागेल तेवढीच लांब वायर. काही जण स्पीकरच्या आउटपुटवर कपॅसिटर लावायला सांगतात, ते माहिती असल्याशिवाय करू नका, काही अ‍ॅम्प्लिफायर त्याने स्वतःच शिट्टी मारायला लागतात. आणि अडॅप्टर स्पीकरच्या आतच असेल तर उघडूच नका, पिन काढल्यावर सुद्धा कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

फोन यायच्या आधी जी टिक टिक बर्र्र होते ती वेगळी, तो मोबाईल 2जी वर असताना सेकंदाला 217 वेळा ट्रान्समीटर चालूबंद करतो त्याचा आवाज, फोन दोन हात लांब ठेवा, संपलं. आणि सतत घूंऽऽ येत असेल तर तो रेडिओ नव्हेच, लाइटच्या 50 किंवा 60 हर्ट्झचा असतो, कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. त्यासाठी अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग आहेत, कृपा करून तसली टिप तरी छापू नका.

एक मजा सांगतो. कितीतरी उपकरणांच्या मागे बारीक अक्षरात अमेरिकेच्या एफसीसीचा, म्हणजे तिथे रेडिओ लहरींचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा, पार्ट 15 वाला मजकूर असतो, त्यात चक्क लिहिलेलं असतं की हे उपकरण बाहेरून येणारा कुठलाही इंटरफेरन्स स्वीकारेल, त्याने ते भलतंच वागलं तरी. म्हणजे स्टेशनची चूक नाही, ते आपल्या फ्रिक्वेन्सीवर आहे, फिल्टर स्पीकरमध्येच असायला हवा होता आणि तो टाकला नाही म्हणून आपण रिंगा ओवत बसायचं.

आता 12 वेढ्यांचं ते भेंडोळं माझ्या टेबलामागे लोंबतंय. घरातले म्हणतात काढ ते, दिसायला कसंतरीच दिसतंय. मी म्हणतो काढतो, मग रात्रीच्या बातम्या ऐकायला तुम्ही बसा.

आपला,
एक जुना वाचक