गोष्टीतले आईबाप

धुळे, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुमचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते आणि समोर पेन्शनवाल्यांची रांग होती. तुम्ही बरीवाईट चौकशी न करता थेट विचारलंत, "काय गं, या पोरांच्या पुस्तकांत आईबाप सगळे मेलेलेच कसे?" मागून आईचा आवाज आला, "आधी जेवली का विचारा तिला!" संध्याकाळी मी उलटा फोन केला तर तुम्ही भजनाला गेलेले. बरंच झालं. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, आणि मोबाइलवर लांब लिहिलं की ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून तुम्हाला पाणी येतं. म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरात लिहितेय. आईला वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही.

तुमच्या नातीनं मे महिन्यात तिकडे विसरलेली तीनही पुस्तकं तुम्ही पंधरा दिवसांत संपवलीत, हे तिला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "आजोबांनी पानं दुमडली नाहीत ना?" तुमचा हिशेब मात्र बरोबर आहे. ताम्हनकरांचा गोट्या पोरका. हॅरी पॉटर वर्षाचा असतानाच त्याचे आईबाप मारले गेले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं घर फुरसुंगीला, आणि स्वारी पुण्यात विद्याभवनच्या वसतिगृहात. तिनांत तीन गैरहजर. हजेरीपट घेऊन बसलेल्या मास्तरांच्या नजरेतून हे सुटणार कसं?

यादी अजून लांबवता येईल. रोआल्ड डाल नावाच्या लेखकानं १९६१ सालच्या एका पुस्तकात जेम्स नावाच्या पोराच्या आईबापांना पहिल्याच पानांत गेंड्याकडून खाऊन टाकलंय. लंडनला खरेदीला गेले होते बिचारे; प्राणिसंग्रहालयातून सुटलेला गेंडा आला आणि संपलं. आई, तू "शिव शिव" म्हणशील, पण मी तिथे खदखदा हसले. रात्री अकराला, एकटीच. तुमचे जावई उठून बसले.

हो, ही पुस्तकं मी वाचते. पोरीला आधी तपासून द्यायची म्हणून सुरुवात केली होती, आता ती झोपल्यावर माझी माझी वाचते. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

तुमच्या प्रश्नाचं सोपं उत्तर कारागिरीचं आहे. समजा, गोष्टीतली मुलगी रात्री घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर चढली आणि गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात तिला दिवा हलताना दिसला. आई घरात असेल तर खालून हाक मारणार, "उतर खाली, भाकरी गार होतेय." झाली कादंबरी तिसऱ्या पानावर पुरी. म्हणून लेखकाला आईबापांना हलवावं लागतं. कुणी त्यांना मारतो, कुणी गावाला पाठवतो, कुणी पोरालाच वसतिगृहात नाहीतर मामाच्या घरी सुट्टीला धाडतो. मोठं माणूस बाजूला झालं की निर्णय पोराच्या अंगावर पडतो, आणि गोष्ट तिथून सुरू होते.

इंग्रजीत या पुस्तकांना 'मिडल ग्रेड' म्हणतात, म्हणजे साधारण आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठीची. आपण कुमारसाहित्य म्हणतो, मला तो शब्द जास्त आवडतो. बहुतेक वेळा नायक वाचणाऱ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा असतो. पोरांना आपल्याहून लहानाची गोष्ट नको असते, पुढच्या वळणावर काय आहे ते बघायचं असतं. चित्रांच्या पुस्तकातली आई चुकत नाही. कॉलेजातल्या पोरांच्या कादंबरीत आईशी भांडण असतं. या मधल्या वयात भांडण नसतं. आपले आईबाबाही घाबरतात एवढं नुसतं दिसायला लागलेलं असतं, आणि ते दिसलंय हे कुणाला सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या साने गुरुजींनी असं केलं नाही. गुरुजींचं नाव काढल्याशिवाय तुमचं कुठलंही बोलणं पुरं होत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे मास्तर, तिथल्या छात्रालयाचे गुरुजी, त्यामुळे ते आपलेच. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये नऊ तारखेपासून तेरापर्यंत, पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढलं, हे तुम्ही मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलंय. त्या पुस्तकात तर पानापानावर आई आहे. पण बाबा, श्याम आश्रमातल्या मित्रांना बेचाळीस रात्री ती गोष्ट सांगतो ना, त्यातल्या पहिल्या रात्रीसुद्धा ती आई नाहीये. ती गेलेली आहे म्हणून तर तो सांगतोय. तिनांत तीनचे चारांत चार करा.

त्याच पुस्तकावरून मला तुम्हाला एक सांगायचंय. तीस-बत्तीस वर्षं राहून गेलंय.

मी पाचवीतून सहावीत गेले तो उन्हाळा. एप्रिलमध्ये आईनं ज्वारीचे बिबडे पापडांसारखे वाळत घातले होते आणि कावळे हाकायला मला धाब्यावर बसवलं होतं. खाट उभी करून तिच्या सावलीत मी पुस्तक घेऊन बसायचे. तुम्ही शाळेतून 'किशोर'चे जुने अंक आणायचात, "दोन दिवसांत परत" असं बजावून. कावळ्यांनी किती बिबडे नेले ते आईला विचारा. "काय वाची राहिनी वं बाई, कावळा डोकावर बसना तरी समजाव नही," असं म्हणत ती वर आली होती, आणि मग स्वतःच चित्रं बघत बसली होती. अंकात हत्तीचं चित्र होतं. आई, तुला आठवणार नाही, मला आठवतंय.

जूनच्या सुरुवातीला वादळ झालं आणि आपली केळीची बाग आडवी झाली. घड भरलेले, कापणी आठ-दहा दिवसांवर. तुमची मास्तरकी होती म्हणून घर चाललं, पण बागेला घातलेला पैसा उधारीचा होता हे मला ठाऊक होतं. रात्री आपण सगळे धाब्यावर झोपायचो. तुम्हाला वाटायचं, मी झोपले.

मग तो खताच्या दुकानाचा माणूस मोटरसायकलवर आला, ओट्यावर बसला, आणि आईनं केलेला चहा त्यानं घेतला नाही. चहा तसाच गार झाला. मी आतून बघत होते. त्याच आठवड्यात मी 'श्यामची आई'तलं 'अब्रूचे धिंडवडे' वाचलं होतं. त्यात श्यामच्या वडिलांच्या घरावर जप्ती येते आणि गावात दवंडी पिटतात. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं: चहा घेतला नाही, म्हणजे आता दवंडी. तीन दिवस मी डफाच्या आवाजाकडे कान लावून होते. चौथ्या दिवशी सकाळी खरंच दवंडी आली. मी धान्याच्या कोठीमागे जाऊन कानांत बोटं घालून बसले. बऱ्याच वेळानं बोटं काढली तर कोतवाल आपल्याच दारासमोर ओरडत होता, "उद्या पाण्याची टाकी धुणार हो, नळ येणार नाहीत हो!"

आई मला शोधत आली, अंगाला भुसा लागलेला बघून रागावली आणि घागरी भरायला लावल्या. मी त्या दिवशी सगळ्या घागरी, हंडे, पातेली, अगदी तांबेसुद्धा भरून ठेवले. तुम्ही म्हणालात, "शहाणी आंडेर." शहाणी लेक.

आई, तुझ्या पाटल्या उजळायला दिल्यात असं तू सांगितलं होतंस. त्या परत आल्या नाहीत. मी कधी विचारलं नाही. शाळा सुरू होताना बाबांनी नवीन दप्तराचं विचारलं तर मी म्हटलं, जुनंच आवडतं. तेव्हाही मी शहाणी ठरले. बाबा, मला दप्तर हवं होतं. लाल, पुढे दोन खिशांचं, अमळनेरला बघून ठेवलेलं.

गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही. त्या जूनमध्ये तुम्ही दोघं घरात होतात आणि नव्हतातही. जेवताना तुम्ही माझ्याकडे बघायचात, पण नजर मागच्या भिंतीवर. लेखकाला त्यासाठी गेंडा आणावा लागतो, आपल्याकडे ते काम वादळानं केलं. आणि त्या मोकळ्या पडलेल्या जागेत मला एकटीला दप्तर नको म्हणायचं सुचलं, ते कुठून? मला वाटतं, श्यामकडून, गोट्याकडून, 'किशोर'मधल्या कुणाकुणाकडून. त्यांनी काही शिकवलं असं नाही. त्या पोरांनाही मोठ्यांचं कुजबुजणं ऐकू जायचं, आणि तीही गप्प राहायची, एवढंच. मी एकटीच चोरून ऐकणारी नाही हे कळल्यावर रात्री झोप लागायला लागली.

'तोत्तोचान' तुम्ही वाचलंय का? कादंबरी नाही, खरीखुरी आठवण आहे तेत्सुको कुरोयानागींची, १९८१ मध्ये जपानीत आलेली. त्या मुलीला पहिलीतच शाळेतून काढून टाकतात, आणि तिची आई तिला ते विसाव्या वर्षापर्यंत सांगत नाही. नुसतं म्हणते, नव्या शाळेत जायचं का? वाचताना मला तू आठवलीस, आई. पाटल्यांसाठी तूही असंच काहीतरी साधंसं शोधलं होतंस. फरक इतकाच, तोत्तोचानला कळलं नव्हतं.

आता खरं कारण. आई, इथपर्यंत येऊन बाबा थांबले असतील तर चष्मा लाव आणि कागद तू घे.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुमचे जावई घरी बसून होते. कारखान्यानं माणसं कमी केली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण आईचं बीपी आणि बाबांचे डोळे. फेब्रुवारीपासून नवीन ठिकाणी लागलेत, पगार थोडा कमी आहे पण वेळेवर होतो. काळजीचं काही नाही, म्हणून तर आता लिहितेय. नातीला आम्ही सांगितलं होतं, बाबांची सुट्टी आहे. डिसेंबरात शाळेची सहल निघाली. आदल्या आठवड्यात ती म्हणाली, मला नाही जायचं, बसमध्ये पोट दुखतं. पोर कधी गाडी लागणारी नाही. धुळ्याहून चोपड्यापर्यंत खिडकीतून डोकं बाहेर काढून येते, तुम्ही बघितलंय. मी म्हणाले, "शहाणी गं." शब्द तोंडातून गेला आणि मला जुनं दप्तर आठवलं.

त्या रात्री मी तिच्या उशाखालचं पुस्तक काढून पहिल्यांदा स्वतःसाठी वाचलं. तिला काय काय कळलंय ते विचारायची हिंमत नव्हती, निदान ती कुणाच्या संगतीत आहे ते तरी बघावं म्हणून. दोन दिवसांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं," आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. सहलीचे पैसे भरायची तारीख निघून गेली होती.

तर बाबा, एक विनंती. दिवाळीत ती तिकडे येईल तेव्हा तिला तात्पर्य विचारू नका. तुमचं आयुष्य गेलंय पोरांना "बोध काय घेतला?" विचारण्यात, सवय सुटणार नाही हे मला कळतं. पण तुम्ही विचारलंत की ती "नेहमी खरं बोलावं" असलं काहीतरी ठोकून देईल आणि पुढचं पुस्तक तुमच्यापासून लपवून वाचेल. त्यापेक्षा गोट्याशी तुमचं कुठे पटलं नाही ते सांगा. भांडा तिच्याशी. तिला फार आवडतं.

शेजारच्या काकांचा मुलगा बुधवारी धुळ्याहून गावी निघतोय, त्याच्याकडे खोकं देते. त्यात फास्टर फेणेचे पुढचे तीन भाग आहेत, 'तोत्तोचान' आहे आणि गेंड्याचं पुस्तक आहे. ते इंग्रजीत आहे, पण तुम्हाला जमेल, शब्दकोश कपाटात खालच्या खणात असेल. आई, तुझ्यासाठी मोठ्या चित्रांचं एक निवडलंय, हत्ती आहे त्यात. येताना त्याच्याबरोबर थोडे बिबडे पाठव. फास्टर फेणेचे हे भाग तिनं अजून वाचलेले नाहीत, शेवट फोनवर सांगून टाकू नका. आणि पानं दुमडू नका, बसची जुनी तिकिटं खूण म्हणून खोक्यात घातली आहेत.

तुमची आंडेर