युनिट मोजली, कापड कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरडोई वीजवापर वाढला म्हणजे देश पुढे गेला, असा सूर असलेला आपला अग्रलेख वाचला. 2013-14 मध्ये 957 युनिट, 2023-24 मध्ये 1395. आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र इचलकरंजीत माग चालवणाऱ्याला पटणारा नाही.

आमच्याकडे बाजाराची नाडी वीजबिलात सापडते. सुताचे दर चढले आणि कापडाला उठाव नसला की आधी रात्रपाळी बंद होते, मग दिवसाचेही माग उभे राहतात. वीज दारात असते, काम नसते. बाजार बसला म्हणून विजेचा खप बसतो. अर्थतज्ज्ञांमध्येही ‘आधी काय?’ हा वाद जुना आहे. क्राफ्ट आणि क्राफ्ट या संशोधकांनी 1947 ते 1974 या काळातली अमेरिकेची आकडेवारी तपासून 1978 मध्ये म्हटले, की उत्पन्न वाढते म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो. पुढे इतर देशांवरच्या काही अभ्यासांतून बरोबर उलटही निघाले.

खूण म्हणून वीजवापराचा आकडा उत्तम, हे मान्य. चीनचे पुढे पंतप्रधान झालेले ली केकियांग प्रांताचे पक्षप्रमुख असताना जीडीपीपेक्षा वीजवापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जे यांवर जास्त विसंबत. आपल्याकडेही एप्रिल 2020 मध्ये देशाचा वीजवापर वीस टक्क्यांहून जास्त घसरलेला तेव्हाच दिसला होता. त्या तिमाहीत जीडीपी 23.9 टक्क्यांनी घटल्याचे सरकारने ऑगस्टअखेर सांगितले. पण खुणेलाच कारण समजले की दाभोळच्या वीजप्रकल्पासारखी गत होते. मागणी वाढतच जाणार असे धरून करार झाले, 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने परवडत नाही म्हणून ती वीज घेणे थांबवले. आणि गंमत अशी, की चार-पाच वर्षांतच सारा महाराष्ट्र भारनियमनाने हैराण होता.

आपल्याला जास्त वीज नको, असे मी म्हणत नाही. ब्रिटनचा ऊर्जावापर 1990 पेक्षा कमी होऊनही उत्पन्न वाढले, हे उदाहरण हल्ली फार दिले जाते. त्यांना लागणारे कितीतरी कापड आणि पोलाद आता दुसऱ्या देशांत तयार होते, तिथली वीज जाळून. आपल्याला वीज लागणारच. मुद्दा आहे ती कशी मिळते आणि तिच्यातून काय निघते हा.

भर पाळीत दहा मिनिटे लाइट गेली, तर न वापरलेली युनिट किरकोळ असतात. पण सगळे माग एकदम थांबतात, सुरू करताना धागे तुटतात, ते सांधत कामगाराचा वेळ जातो आणि जिथे माग थांबला तिथे कापडावर आडवी पट्टी उमटते. तपासणीच्या टेबलावर व्यापाऱ्याचे बोट बरोबर त्या पट्टीवर पडते आणि पैसे कापले जातात. एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतावर चालणारा माग असेल तर कॉम्प्रेसरचा दाब पुन्हा भरेपर्यंत थांबा. दरडोई युनिटच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

दुसरे, साध्या मागावरचे कोरे कापड आणि नव्या मागावरचे मोठ्या पन्ह्याचे, निर्यातीला चालणारे कापड यांच्या भावात मोठा फरक असतो. नवा माग वीज जास्त खातो, पण तिचे मोलही करतो. सरकार यंत्रमागाला वीजदरात सवलत देते. ती मीही घेतो, आणि उद्या ती बंद झाली तर मजुरीवर विणणाऱ्या आमच्या खर्चीवाल्यांचे माग भंगारात जातील. तरी सवलत युनिटवर मिळत राहिली, तर वाढतील ती युनिटच. त्यातला काही भाग माग बदलायला स्वस्त कर्ज म्हणून दिला, तर त्याच पैशातून कापड सुधारेल. हे गावात बोललो तर शिव्या खाईन, म्हणून आपल्याकडे लिहितो आहे.

एक विनंती. वीज किती वेळा आणि किती मिनिटे गेली, याचे निर्देशांक वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार वितरण कंपन्यांना जाहीर करावे लागतात. ते जिल्हावार, महिन्यातून एकदा, आपल्या अर्थ पानावर छापावेत.

आपला,
एक यंत्रमागधारक, इचलकरंजी