ऑर्किड टाकू नकोस

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल तू विचारलंस, "ऑर्किडचं शेवटचं फूलही गळलं, आता नुसता दांडा उरलाय, टाकून देऊ का?" उत्तर द्यायच्या आतच फोन कट झाला, म्हणून लगेच लिहायला बसले. आई, टाकू नकोस गं. ते झाड मेलेलं नाही. दोन-तीन महिने फुलं धरून ते दमलंय, एवढंच.

तू फोटोत दाखवलंस ते फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड. आधी दांडा बघ. पिवळा पडून वाळला असेल, तर बुडापासून काप. हिरवा असेल, तर त्यावर बारीक गाठी दिसतील. खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या बोटभर वर काप, तिथून कधी कधी नवी फांदी फुटते आणि पुन्हा कळ्या धरतात. पण पानं दोन-तीनच आणि मऊ पडलेली असली, तर हिरवा दांडाही बुडापासून काढ, म्हणजे झाडाची ताकद पानांत जाईल. कात्री आधी स्पिरिटने पुसून घे.

आता पाण्याचं. माझं पहिलं ऑर्किड मी पाण्यानेच मारलं. पानं सुरकुतली म्हणून मी रोज पाणी घालत गेले. कुंडीतून काढलं तेव्हा मुळं तपकिरी, चिखलासारखी. बोटाने दाबलं की साल सुटून आत नुसता दोरा राहायचा. सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं तहानलेली दिसतात. हे कळेपर्यंत उशीर झाला होता. फार वाईट वाटलं होतं.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नकोस, मुळं बघून घाल. तुझी कुंडी पारदर्शक आहे ते बरंच आहे. मुळं चंदेरी-राखाडी झाली की तहान लागली समज. कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेव आणि पूर्ण निथळू दे. ओली होताच ती मुळं डोळ्यांदेखत हिरवी होतात, मला अजूनही ते बघत बसावंसं वाटतं. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घे, तिथून झाड कुजतं.

माती मात्र घालायची नाही. रानात हे झाड दुसऱ्या झाडाच्या खोडावर वाढतं. बांडगुळासारखं त्याचा रस शोषत नाही, नुसता आधार घेतं. मुळांना हवा लागते. म्हणून झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा. दोन वर्षांनी साल कुजून भुगा होते, तेव्हा बदलायची, आणि त्यालाही फुलं संपल्यावरचा हाच काळ चांगला.

जागा उजेडाची हवी, दुपारचं ऊन नको, पूर्वेची खिडकी उत्तम. खत अगदी पातळ. रात्री 16-18 अंशांपर्यंत गार व्हायला लागल्या की काही आठवड्यांत पानाच्या बगलेतून नवं टोक डोकावतं. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. दांड्याचं चपटं, एका बाजूला खाच असलेलं. माझ्याकडे गेल्या आठवड्यात तसं टोक दिसलंय, रोज सकाळी उठून आधी तेच बघते.

कापायच्या आधी मुळांचा एक जवळून फोटो पाठव. रविवारी फोन करते, तोवर कात्री लावू नकोस.

तुझी,
लेक