पणजोबांची तिथी सापडली

बरवॉशच्या आजींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. माझा मुलगा तुम्हाला ते इंग्रजीत वाचून दाखवेल. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते आधी माझ्या माणसांना कळावं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या वर्षी 27 सप्टेंबरला मी इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समधल्या तुमच्या गावी आले ती इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांचं घर बघायला. मी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेची विद्यार्थिनी, पुढे चित्रकलेची शिक्षिका. 1865 साली किपलिंग जन्मले ते जे.जे.च्याच आवारात, त्यांचे वडील तिथे शिकवायचे. घर बघून निघालो तोवर दिवेलागण झाली होती. चर्चच्या आवाराच्या कडेला युद्धस्मारक दिसलं. दगडी खांब, माथ्यावर कंदील, आणि कंदील पेटलेला. तुम्ही पायथ्याशी वाळलेली फुलं उचलत होतात. हा दिवा रोज असतो का, असं मी सहज विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाही. इथल्या नावांपैकी जो ज्या दिवशी गेला, त्या दिवशी त्याच्यासाठी लावतात. आज जॉनचा दिवस."

घरातल्या पोराचं नाव घ्यावं तसं घेतलंत. जॉन म्हणजे किपलिंगांचा एकुलता एक मुलगा. नजर अधू म्हणून सैन्यात घेत नव्हते, तर वडिलांनी ओळख लावून आयरिश गार्ड्स पलटणीत घुसवला. 1915 साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. वडिलांच्या हयातीत त्याचं काहीच सापडलं नाही. तुम्ही मला चर्चमध्ये नेऊन त्याच्या नावाची पाटी दाखवलीत. वय लिहिलंय 18 वर्षं आणि 6 आठवडे. किपलिंगांची साम्राज्याबद्दलची मतं मला कधी पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण ते आठवडे वाचले आणि घसा दाटून आला. आठवडे आपण तान्ह्या बाळाचे मोजतो.

मग बाहेर येऊन तुम्ही मला तो खांब समजावून दिलात. 1915 मध्येच सरकारने मृतदेह मायदेशी आणायला बंदी घातली. पोरगं फ्रान्सच्या चिखलात, आणि फूल वाहायला गावात जागा नाही. म्हणून लोकांनी वर्गणी काढून गावोगाव अशी स्मारकं उभारली. ज्या आईला थडगं मिळालं नाही तिने दगडावरच्या नावावरून हात फिरवायचा. इतकी वर्षं मी दगडी कोरीवकाम नक्षी म्हणून, अक्षरांचं वळण म्हणून बघत आले. वारसा, वारसा म्हणून मुलांना शिकवलं. अक्षर हात फिरवण्यासाठी कोरलेलं असतं हे मला तुमच्याकडून कळलं.

धुण्याची रीतही तुम्हीच सांगितलीत. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, प्रेशरचं पाणी तर मुळीच नको. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि हलका हात. दगडफूल दिसलं म्हणून खरवडायचं नाही. अक्षराची कड एकदा गेली की गेली.

त्यावर मला आमच्या देवघरातला बिल्ला आठवला आणि मोबाइलमधला त्याचा फोटो मी तुम्हाला दाखवला. बशीएवढी काशाची गोल चकती, त्यावर एक बाई आणि सिंह. पणजोबांचं कुठलं तरी पदक असेल असं आम्ही समजत होतो. आजी दर दसऱ्याला चिंच लावून घासायची, त्यामुळे नाव पुसट झालेलं. तुम्ही फोटो पाहिलात आणि गप्पच झालात. मग म्हणालात, "हे पदक नाही. युद्धात गेलेल्याच्या घरी पाठवायचे ते हे. आमच्याही कपाटात एक आहे." त्यावर हुद्दा नसतो, कर्नल असो की शिपाई, नुसतं नाव, हेही तुम्हीच सांगितलंत. फोटो मोठा करून तुम्ही एकेक अक्षर लावलंत. जाधवचं 'जादो' झालं होतं. "कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. शोधताना हेच स्पेलिंग घाला."

आमच्या घराण्याने शंभर वर्षं चुकीच्या, म्हणजे आमच्या मते बरोबर, नावाने शोधलं होतं.

पुढचे दोन महिने तुमचे ईमेल येत राहिले. तालुक्याचं नाव कसं उच्चारता, वाडी वेगळी की गावातच, वडिलांचं नाव काय, असं विचारत विचारत तुम्ही युद्धकबर आयोगाच्या नोंदींतून माणूस शोधून काढलात. 110वी मराठा पलटण, पित्याचं नाव, आमचं गाव, जिल्हा सातारा. मृत्यू 22 नोव्हेंबर 1915. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला त्या दिवशी मोठी लढाई झाली होती.

त्याच ईमेलमध्ये, तुम्हाला जड गेलं असणार, तरी तुम्ही खरं ते लिहिलंत. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, आणि हिंदुस्थानी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. आयोगाने 2021 मध्ये या भेदभावाची जाहीर माफी मागितली. पण तुमची ओळ मला जास्त लागली: "तुमच्या पणजोबांना आम्ही कंदील दिला नाही, याचं मला वाईट वाटतं." यात तुमचा काही दोष नव्हता, आजी.

आमच्या चावडीच्या भिंतीतही एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. तिथेही आकडेच. या उन्हाळ्यात चावडी रंगवायला काढली तेव्हा कामगार पाटी तारेच्या ब्रशने घासून वर ऑइल पेंट मारणार होते. मी धावत गेले. सरपंचांना तुमची रीत सांगितली आणि शाळेतल्या मुलींना घेऊन आम्ही ती पाण्याने हळूहळू धुतली. आता घरोघरी जुन्या पेट्या उघडून नावं शोधतोय. आतापर्यंत तीन मिळाली.

एक गोष्ट तुम्हाला कळवायची राहिली होती. पणजोबांची तिथी माहीत नव्हती, म्हणून आमच्याकडे त्यांचं पान सर्वपित्रीला वाढायचे. पणजीने मरेपर्यंत तसंच वाढलं. तुम्ही तारीख दिलीत आणि आमच्या गुरुजींनी 1915चं पंचांग जुळवून पाहिलं. तो दिवस त्रिपुरी पौर्णिमेला लागूनच आला. त्रिपुरीला आमच्या देवळात दीपमाळ पेटवतात. तुमच्या खांबासारखीच दगडी, फक्त दिवे पुष्कळ.

परवाच्या त्रिपुरीला सगळ्यात खालची पणती माझ्या नातीने लावली आणि पणजोबांचं नाव मोठ्याने घेतलं, 'जाधव' असं पूर्ण. फोटो सोबत पाठवतेय.

तुमची,
साताऱ्याची चित्रकलेची बाई